फ्रीजरमधली हिमनदी

फ्रीजरमधला बर्फ काढायला मी पेचकस घेतला आणि फ्रीजला भोक पाडलं.

हे मी आजवर बऱ्याच जणांना फिरवून फिरवून सांगितलं आहे. फ्रीज जुनाच होता, असं म्हणून. पत्रा आधीच झिजला होता, असं म्हणून. फ्रीज दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तर मी सांगितलं की आपोआप झालं. त्यानं भोकाकडं पाहिलं, ओट्यावरच्या पेचकसाकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. तेव्हा आता सरळच सांगून टाकतो. दमलो. खोटं बोलायलाही अंगात थोडा जोर लागतो, आणि जूनच्या सुरुवातीला आमच्या छत्रपती संभाजीनगरात तो कुणाच्याच अंगात शिल्लक नसतो.

मी भूगोलाचा मास्तर. शिकवतो बिडकीनच्या एका शाळेत, राहतो शहरात, आणि उरलेलं आयुष्य या दोहोंमधल्या रस्त्यावर जातं. निवृत्ती तोंडावर आली आहे. नववीला बाह्यप्रक्रियांचा धडा असतो. नदी, वारा, समुद्र यांच्याबरोबर त्यात हिमनदीही येते. हा धडा मी इतकी वर्षं शिकवतोय की खडू हातात घेतला की यू आकाराची दरी आपोआप फळ्यावर उतरते. ती काढताना मी घरी जाताना कोणती भाजी न्यायची याचा विचार करत असतो. हिमगव्हर, लोंबती दरी, हिमोढ. शब्द तोंडातून बाहेर पडतात आणि पंख्याच्या आवाजात विरून जातात. बाहेरून डंपर जातात, खिडकीतून धूळ येते, मधल्या सुट्टीत डबा खाल्लेली पोरं डोळे उघडे ठेवून झोपतात. ही विद्या मी त्यांच्याकडूनच घेतली. मुख्याध्यापकांच्या बैठकीत फार उपयोगी पडते.

यंदा जानेवारीत मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. बर्फ तर दगडासारखा घट्ट असतो, मग तो चालतो कसा, असं तिनं विचारलं. मी ठरलेलं उत्तर दिलं, स्वतःच्या वजनानं. तिचं समाधान झालं नाही.

"सर, तुम्ही पाहिलाय का चालताना?"

नाही पाहिला. आमच्याकडं बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा, नाहीतर लग्नात पाण्याच्या ड्रममध्ये सोडायला आणलेली लादी. आमचं शहर ज्या काळ्या दगडावर बसलंय तो लाव्ह्याचा आहे. तो घडला आगीतून, त्याच्यावरून हिमनदी कधी गेली नाही. हे सगळं तिला नीट सांगता आलं असतं. पण घंटा व्हायला वेळ होता आणि माझे पाय दुखत होते. मी बोलून गेलो की पाहिला नाही, पण दाखवीन.

दाखवण्यामागचं खरं कारण घरी होतं. आमचा फ्रीज एका दाराचा, त्यात वरच्या अंगाला ॲल्युमिनियमचा फ्रीजर, आणि दाराचं रबर सैल. सैल रबरातून हवा आत जाते आणि फ्रीजरमध्ये बर्फ धरतो. मग बर्फ वितळवायचं लाल बटण दाबायचं, फ्रीज रिकामा करायचा, वितळलेलं पाणी पुसत बसायचं. हे काम आमच्याकडं माझं. बायको नर्स आहे, एका खासगी दवाखान्यात पाळ्या करते, आणि घरी आली की उशीवर पाय टाकून पडते. पडल्या पडल्याही ती मला किती दिवस सांगत होती की तो बर्फ काढा. मला वाकायचा कंटाळा. त्या मुलीच्या प्रश्नानं मला एकदम वाट सापडली. घरी येऊन मी जाहीर केलं की आजपासून फ्रीजरला कुणी हात लावायचा नाही, प्रयोग चालू आहे.

बायकोनं डोळे न उघडता विचारलं, "कसला?"

"हिमनदी कशी तयार होते, त्याचा."

"म्हणजे बर्फ काढायचा नाही, एवढंच ना?" ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

एवढंच होतं. पण आळसाला प्रयोग म्हटलं की त्यालाही काही कामं करावी लागतात, हे मला ठाऊक नव्हतं.

हिमनदी व्हायला तसं फार काही लागत नाही. हिवाळ्यात जेवढा बर्फ पडतो तेवढा उन्हाळ्यात वितळता कामा नये, आणि हे वर्षानुवर्षं चालायला पाहिजे. पडतो तेव्हा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो, त्यात बर्फापेक्षा हवाच जास्त. मग त्यावर पुढचा थर बसतो, त्यावर आणखी एक. खालची हवा निघून जाते. कापसाची साखर होते, साखरेचा खडा होतो, आणि शेवटी काचेसारखा निळसर, घट्ट बर्फ. यात कुणी काही करत नसतं. आधीचं निस्तरायच्या आत नवं येऊन पडतं, बस. आमची शाळेची कामं अशीच साठतात. मतदारांची यादी झाली की गणना, गणना झाली की मोबाईलवर भरायची माहिती, ती भरून झाली की तीच पुन्हा वेगळ्या रकान्यात. या दाबाखाली माझ्यातलीही हवा बरीच गेली आहे. पूर्वी मी वर्गात विनोद करत असे.

खऱ्या हिमनदीत उन्हाळ्यातल्या धुळीचे पट्टे दिसतात, एकावर एक. मलाही पट्टे पाहिजे होते. म्हणून दर रविवारी मी कुंडीतली तांबडी माती चहाच्या गाळणीनं बर्फावर भुरभुरायला लागलो. तळाशी आधीच थोडी बारीक खडी टाकून ठेवली होती, शेजारी चाललेल्या बांधकामावरून उचललेली. हिमनदी पोटाखाली दगड धरते आणि जाताना खालचा खडक किसणीसारखा किसत जाते. ते माझ्या फ्रीजरमध्ये होईल अशी काही मला आशा नव्हती, पण व्यवस्था असावी. नंतर बायकोच्या लिंबू सरबतात माती लागली. तिनं गाळणी फेकून नवी आणली. मला फेकून नवा आणता येत नाही, याचं तिला त्या दिवशी वाईट वाटलं असावं.

मार्च संपता संपता कूलर बाहेर काढला आणि प्रयोगाला खरा जोर चढला. कूलरचं तोंड मी असं ठेवलं की ओली हवा थेट फ्रीजवर जाईल. समुद्रावरून वाफ घेऊन आलेला वारा डोंगराला अडतो आणि तिथं हिम पडतं, तसंच. फरक इतकाच की समुद्राला पाणी विकत आणावं लागत नाही. आमच्याकडं नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. त्या दिवशी कुणी बाहेरगावी जात नाही, कुणाला भेटायला बोलावत नाही, घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवतात. ते भरलेलं पाणी बायको वाटीवाटीनं वापरायची आणि मी बादलीनं कूलरला पाजायचो. तिला सांगायचो, उकडतंय. उकडत होतंच.

मेमध्ये फ्रीजरची झडप लागेनाशी झाली. बर्फाचा एक फुगवटा जिभेसारखा बाहेर आला होता आणि त्याच्या कडेला तांबडे पट्टे दिसत होते. शाळेला सुट्टी लागली होती. दुपारी मी फ्रीजचं दार उघडून समोर स्टूल टाकून बसायचो. विचारलं तर सांगायचो की निरीक्षण करतोय. खरं म्हणजे घरात तेवढीच थंड जागा होती आणि मी तिच्यासमोर डुलक्या घ्यायचो. आता वाटतं, सगळ्या प्रयोगात मला पटलेली गोष्ट ती एकच. एखादी गोष्ट काही न करता नुसती बसून आहे, जड होत चाललीय, आणि तिला कुणी काही म्हणत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर भाभी राहतात. त्यांचा मुलगा आहे आणि एक मुलगी. मुलगी दहावीला होती तेव्हा माझ्याकडं भूगोल घेऊन यायची. पास झाली, त्यात माझा काही हात नाही. आता ती मेंदी काढते. बाजारातले तयार कोन ती वापरत नाही. पूड आणते, तीत साखर आणि निलगिरीचं तेल घालून रात्रभर भिजवते, जुन्या ओढणीतून गाळते, स्वतः कोन वळून भरते. भरले की ते लगेच बर्फात ठेवायचे, नाहीतर आमच्या उन्हात मेंदीचा रंगच मरतो. आजवर तिनं लग्नघरात पाहुण्या बायकांचे हात रंगवले होते. आता पहिल्यांदाच तिला नवरीचं काम मिळालं होतं, खुलताबादला. नवरीच्या हाताला पूर्वी बाजारच्या कोनानं फोड आले होते, म्हणून तिच्या आईनं निरोप दिला होता की घरी भिजवलेली मेंदी असेल तरच ये. आणि भाभींनी इकडं मुलीला बजावून ठेवलं होतं की हे काम नीट झालं तर तुझं तू बघ, नाहीतर पुढच्या महिन्यापासून मामाच्या चपलांच्या दुकानात बसायचं. हे मला माहीत होतं. जिन्यातलं सगळं आम्हाला ऐकू येतं.

बकरी ईद नुकतीच झाली होती, त्यांचा फ्रीजर कुर्बानीच्या मटणातल्या नातेवाइकांच्या हिश्श्यांनी भरलेला. लग्न अजून पंधरवड्यावर होतं, पण या मुलीला सगळं आधी तयार लागतं. कोनांची पिशवी घेऊन ती खाली आली आणि विचारलं की सर, तुमच्याकडं जागा आहे का.

जागा नव्हती. नाही म्हणायला पाहिजे होतं. पण बर्फ आणि मागचा पत्रा यांच्या मधे एक खोबण राहिली होती, आणि ती बघून मला दुसरंच काही सुचलं. हिमनदीवर डोंगराचा कडा कोसळला की ती ते दगड पोटात घेते, कितीतरी कोसांवर नेते आणि वितळते तिथं सोडून देते. घराएवढे दगड, जिथं त्यांचं काहीच काम नाही अशा माळावर पडलेले सापडतात. माझ्या हिमनदीला असा एक दगड नव्हता. मी पिशवी त्या खोबणीत सारली, मुलगी वर गेल्यावर इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचा फवारा आणला आणि पिशवी चांगली धरावी म्हणून वरून दोनचारदा पाणी मारलं. पुढं रोज मारत राहिलो. पिशवीचे कान दिसेनासे झाले तेव्हा मला बरं वाटलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदी होती. त्या सकाळी ती आली तीच तयार होऊन. ओढणी पिनेनं लावलेली, खांद्याला बॅग, खाली भाऊ मोटारसायकल पुसत उभा. दुपारच्या आत तिथं पोचायचं होतं. बायको सकाळच्या पाळीला गेलेली. मी फ्रीज उघडला. तिनं वाकून आत पाहिलं.

"सर, माझी पिशवी?"

"आत आहे."

"कशाच्या आत?"

मी तिला समजावून सांगायला लागलो. थर, दाब, मातीचे पट्टे. दहावीत माझ्यापुढं बसायची तेव्हा चेहरा जसा असायचा तसाच झाला. मग मी म्हणालो की घाबरायचं कारण नाही, बर्फ पिशवीला आपोआप पुढं आणतोय. ती म्हणाली, कधी येईल? मी म्हणालो, खऱ्या हिमनदीचं म्हणशील तर तुझ्या नातवंडांच्या वेळेला येईल. हे मी तिला हसवायला बोललो होतो. ती स्टुलावर बसली. बॅग मांडीवर घेतली. नवी मेंदी भिजवायची तर रात्र लागते, आणि बाजारचे कोन तिथं चालणार नव्हते. मी न सांगताही हे तिला दिसत होतं, आणि तिनं न सांगताही मला.

"अम्मीला कळवू नका," ती एवढंच बोलली. "दुकानाचं पक्कंच होईल मग."

तेव्हा माझी झोप उडाली. किती महिन्यांनी, कोण जाणे.

लाल बटण दाबलं तर ते आतल्या आत कधीच गोठून बसलेलं. मग मी पेचकस आणला आणि वरवंटा आणला. पिशवी कुठं असेल याचा अंदाज घेऊन ठोकायला सुरुवात केली. बर्फ दगडासारखा असतो हे मी आयुष्यभर सांगत आलो होतो, ते पहिल्यांदा मनगटाला कळलं. तुकडे उडत होते, काही माझ्या बनियनमध्ये जात होते. मुलगी म्हणत होती, सर हळू. मी हळू करणाऱ्यातला असतो तर ही वेळच आली नसती. आणखी एक घाव घातला आणि आतून सुस्स असा आवाज सुरू झाला.

मी हात वर केला. तिला म्हणालो, ऐक. हिमनदीच्या बर्फात जुनी हवा कोंडलेली असते, बर्फ फुटला की ती अशी बाहेर येते. कित्येक वर्षांपूर्वीची हवा. आम्ही दोघंही फ्रीजरला कान लावून उभे राहिलो. म्हणजे मी राहिलो, आणि तिला राहायला लावलं.

दार उघडून बायको आत आली. पर्स खाली ठेवायच्या आधीच तिनं आवाज ऐकला. फ्रीजचं बटण बंद केलं, दोन्ही खिडक्या उघडल्या, मुलीला हाताला धरून बाहेर जिन्यात नेलं आणि मग माझ्याकडं वळली.

"फ्रीजचा गॅस गेला तो. शेगडी पेटवू नका."

आवाज हळूहळू बारीक होत थांबला. आम्ही तिघंही काही वेळ जिन्यात उभे होतो. मुलीनं मान खाली घालून बायकोला सगळं सांगितलं, तेही माझी फारशी बदनामी होणार नाही अशा बेतानं. बायकोनं ऐकलं. रात्रीही एकीच्या जागी बदली म्हणून गेली होती, सकाळची पाळी अर्धवट टाकून आली होती, डोळे लाल झालेले. तिनं बाह्या वर सारल्या. याला मी घाबरतो.

मग तिनं न्हाणीघरातला नळ सोडला. आमच्या गच्चीवर काळी टाकी आहे. उन्हाळ्यात तिचं पाणी हात पोळेल एवढं तापतं, सकाळीसुद्धा. दोन टॉवेल त्यात भिजवून, पिळून, तिनं फ्रीजरच्या पत्र्याला बाहेरून शेक द्यायला सुरुवात केली. दवाखान्यात पाठ धरलेल्या पेशंटला देतात तसा. एक टॉवेल निवला की दुसरा. मला फरशी पुसायला बसवलं. ज्या कामासाठी एवढा प्रयोग रचला तेच काम शेवटी माझ्या वाट्याला आलं, आणि जास्तीचं पाणी घेऊन आलं.

खाली मोटारसायकलचा हॉर्न वाजला. मुलीनं खिडकीतून हात केला की थांब.

आणि मग ते झालं. आधी काहीच नाही. बर्फ जिथल्या तिथं. मग पत्र्याच्या कडेनं पाण्याची एक रेघ बाहेर आली, आणि सगळा ढीग, तांबड्या पट्ट्यांसकट, बोटाच्या पेराएवढा पुढं सरकला. थांबला. परत सरकला. बाजू पत्र्याला चिकटून होत्या, मधला भाग आधी निघाला, खऱ्या हिमनदीत निघतो तसाच. मी फरशीवर गुडघे टेकून, हातात पोतेरं घेऊन बघत राहिलो. त्या मागच्या बाकावरच्या मुलीला मी वजनाचं उत्तर दिलं होतं. वजन तर जानेवारीपासून होतंच. निघायला तळाशी थोडा ओलावा लागतो. बर्फ स्वतःच्या ओझ्यानं खालून जरासा वितळतो आणि त्या पाण्यावरून घसरतो. वरून कितीही ठोका, तो फक्त फुटतो. इतकी वर्षं मी हे वाक्य फळ्यावर लिहिलं होतं. वाचलं नव्हतं.

बायकोनं परात धरली. ढीग तीत येऊन आदळला.

इथं मी गप्प राहायला पाहिजे होतं. मुलगी परातीवर वाकली होती, बायको बर्फ बाजूला करत होती, आणि मी रिकाम्या फ्रीजरमध्ये डोकं घातलं. तळाच्या पत्र्यावर ओरखडे होते. बारीक, सरळ, एकमेकांना समांतर, सगळे बाहेरच्या दिशेनं गेलेले. माझ्या खडीनं काढलेले. हिमनदी खडकावर असेच ओरखडे मागं ठेवते. बर्फ गेल्यावर हजारो वर्षांनी माणसं ते बघून सांगतात की इथून गेली, या दिशेला गेली. मी दोघींना म्हणालो, जरा इकडं येऊन बघा. पुन्हा म्हणालो. कुणी आलं नाही. मग मी एकट्यानंच बघितले, आणि त्यांच्या शेजारचं पेचकसाचं भोकही बघितलं.

पिशवी एका बाजूनं फाटली होती. काही कोन बर्फानं चेपून फुटले होते, काहींत तांबडं पाणी गेलं होतं. बाकीचे वरून तरी धड दिसत होते, पण कोनाच्या नाकात मातीचा एक कण अडकला तरी नवरीच्या हातावर रेघ तुटणार. मुलीनं ते पुसून ओळीनं मांडले आणि माझ्याकडं पाहिलं.

"हात द्या सर."

मी हात दिला. तिनं माझ्या तळव्यावर एकेका कोनाची एकेक रेघ ओढली. काही मधेच खरखरून थांबल्या, ते कोन तिनं बाजूला टाकले. काही मनगटापर्यंत सरळ गेल्या. धड निघालेले तिनं हातात धरून तोलले आणि बायकोला म्हणाली की हात कोपरापर्यंत होतील, पायाला नक्षी कमी करीन. पण रंग जिवंत आहे की मेला, ते आत्ता कळणार नाही. बायकोनं डब्यात बर्फाचा चुरा घातला, त्यात कोन ठेवले, वर टॉवेल गुंडाळला. तेवढाच काय तो माझ्या हिमनदीचा उपयोग. मोटारसायकल गल्लीतून गेली, आणि बायको ओल्या फरशीवरच भिंतीला टेकून बसली.

"रेघा पुसू नका," ती म्हणाली. "वाळू द्या. सकाळी रंग बघू."

मी हात पालथा न करता दिवस काढला. जेवलो चमच्यानं. परातीतला बर्फ वितळत गेला आणि तळाशी माती, खडी, ॲल्युमिनियमचा कीस असा एक छोटा बांध उरला. हिमोढ म्हणतात त्याला. हिमनदी जाताना आपला कचरा असाच मागं टाकून जाते. तोही मीच उचलला.

सकाळी उजाडल्या उजाडल्या बायकोनं माझा हात ओढून खिडकीशी नेला. आमच्या लग्नानंतर इतक्या उत्सुकतेनं तिनं तो धरल्याचं आठवत नाही. रेघा गडद निघाल्या होत्या, पिकलेल्या जांभळाच्या जवळ जाणाऱ्या. तिनं हात सोडला, चपला घातल्या आणि भाभींना मेंदीचा रंग चांगला निघतोय एवढंच सांगायला वर गेली. मी जिन्यातून ऐकत होतो. भाभी म्हणत होत्या की अल्लाचं करणं. माझं नाव दोघींनीही घेतलं नाही, आणि हे मी चांगलं लक्षण मानलं.

थोड्याच दिवसांत शाळा उघडली. तळव्यावर समांतर रेघा घेऊन मी फळ्यासमोर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदाच सगळा वर्ग जागा होता. शिक्षकखोलीत सगळ्यांनी विचारलं, घरी कुणाचं लग्न होतं का. जानेवारीतली ती मुलगी आता दहावीत. व्हरांड्यात भेटली आणि आठवण करून दिली की सर, दाखवणार होतात. मी तिला सांगितलं की पाहिली मी, चालते. कशी, ते सांगायला उभा राहिलो, तर घंटा झाली. मला हायसं वाटलं, हेही खरं.

फ्रीज गेला. दुरुस्तीवाला म्हणाला की हा आतला डबाच बदलावा लागेल आणि असा डबा आता मिळत नाही. नवा घेऊ घेऊ म्हणत दिवस चालले आहेत. तोवर सकाळचं दूध तापवून, गार करून, मी पातेलं वर भाभींकडं नेऊन ठेवतो आणि संध्याकाळी घेऊन येतो. जिना चढताना गुडघे बोलतात.

पहिल्या दिवशी दार त्या मुलीनंच उघडलं. खुलताबादहून आल्यावर मला भेटली नव्हती. हातात कोन होता, दाराशी दोन अनोळखी बायकांच्या चपला, आणि आत कुणीतरी पंख्याखाली हात पसरून बसलेलं. मी विचारायच्या आत तिनंच सांगितलं की नवरीचा रंग असा चढला की तिच्या नणंदेनं आपल्या घरचं लग्न सांगून ठेवलंय, आणि मामाच्या दुकानाचं आता कुणी बोलत नाही. मी नुसतं "छान" म्हणालो आणि फ्रीजकडं गेलो.

त्यांच्या फ्रीजरच्या कडेला पांढरं धरायला लागलं होतं. हिश्श्यांच्या पिशव्यांच्या मागं, कापसासारखं. रबर मी बोटानं दाबून पाहिलं, किंचित सैल. पातेलं हातातच ठेवून मी तिच्याकडं वळलो आणि म्हणालो, "हे बघ, सुरुवात अशीच होते, आधी नुसती हवा असते, मग..."

तिनं माझ्या हातातून पातेलं घेतलं, आत ठेवलं आणि दार पुढं करून लावलं.

"दूध ठेवत जा सर," ती म्हणाली. "पण आमच्या फ्रीजला काही शिकवू नका."